उलार बंडी

पाण्याला वजन असतं हे नागपूरकराला शिकवायला लागत नाही. मे महिन्यात रोज कुलरमध्ये बादल्या ओतून ओतून खांद्यांनाच ते पाठ होतं. तरीही दादानं कारमागे ओढायचा, आत राहता येईल असा छोटा ट्रेलर बनवून घेतला आणि त्याच्या मागच्या बाकाखाली पाण्याची 80 लिटरची टाकी बसवली, तेव्हा आपण 80 किलोंचा पाहुणा शेपटाकडे बसवतोय हे घरात कोणालाच सुचलं नाही.

पहिली फेरी रामटेकजवळच्या खिंडसी तलावाची. "बाहेरचं पाणी बाधते," असं म्हणत आईनं टाकी काठोकाठ भरून घेतली. वर डाळ-तांदळाचे डबे, लोखंडी कढई, सतरंज्या आणि कोणीही खेळणार नव्हतं तो कॅरम. सगळं मागे, कारण दार मागे. कामठी, कन्हान सुरळीत गेलं. मनसरच्या अलीकडे एक ट्रक भर्रकन बाजूनं गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडा, मग कारलाच ओढू लागला. दादानं ब्रेक दाबला नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं. शेपूट हळूहळू थांबलं. आईची रामरक्षा मात्र खिंडसीपर्यंत सुरू होती.

तलावावर ट्रेलर कारपासून सोडवल्यावर बाबांनी ट्रेलरला एक चक्कर मारली. त्यांचं बालपण काटोलकडच्या शेतावरचं. पुढचा दांडा त्यांनी एका हातानं धरला, तो अलगद वर आला.

"अबे, बंडी उलार आहे तुमची. जुवावर वजनच नाही."

चाकांच्या मागे ओझं जास्त झालं की बैलबंडी उलार होते, तिचं जू वर उचललं जातं आणि गळ्याखालच्या पट्ट्यानं, जोत्यानं, बैलांचा गळा आवळतो. मग बंडी हाकणारा धुरकरी पुढे सरकून बसतो. आम्ही कढई सरकवली. दादा मोबाईलमध्ये वाचून सांगू लागला की ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार कारच्या हुकावर यायला पाहिजे. फार झाला तर कारचं बूड बसतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. बाबांनी टक्के ऐकून घेतले आणि कॅरमही पुढे न्यायला सांगितला.

पाण्याची खोड आणखी वेगळी. टाकी अर्धी असली की वळणावर ते डुचमळतं. आणि भांडी घासली म्हणून ते संपत नाही, सिंकखालच्या कॅनमध्ये जाऊन बसतं. ओतून येईपर्यंत वजन तेवढंच, फक्त खरकटं.

पुढच्या खेपेला निघण्याआधी आम्ही धरमकाट्यावर गेलो. ट्रेलरची मर्यादा 750 किलो. टाकीत जेमतेम 20 लिटर ठेवलं, कॅरम घरीच, तरी पावतीवर आकडा 745. दादाचं तोंड उतरलं. तेवढ्यात ट्रेलरच्या खिडकीतून आईनं डोकं बाहेर काढलं. ती आत डबे लावत बसली होती.

"आई, तू आत काऊन बसली?"

आईनं खाली उतरता उतरता हिशेब केला. "म्हणजे माझ्या वजनाएवढं पाणी अजून बसते ना? भर मग."

"टाकीत नको," बाबा म्हणाले, "कॅनमध्ये भर अन् पुढं ठेव."