पंप घेऊन दाखवा, आप्पा

दम्याच्या पेशंटला कसं शिकवायचं, हे सिस्टर, आशाताई, उपकेंद्रातले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि मेडिकलच्या काउंटरवरची मुलं यांना शिकवायचं असेल, तर स्लाइड सगळ्यात शेवटी. आधी टेबलावर औषध नसलेले सरावाचे पंप (इनहेलर) ठेवायचे आणि एकेकाला सांगायचं, दमा तुम्हालाच आहे असं समजा, घेऊन दाखवा. कुणी पंप हलवत नाही, कुणी आधी दाबतं आणि मग श्वास ओढतं, कुणी तोंड उघडं ठेवून लांबून फवारतं. रोज 'सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ' सांगणाऱ्यांची ही गत, तर घरी गेल्यावर पेशंट काय करत असेल! 'जीना' हा दम्यावरचा आंतरराष्ट्रीय गट १९९३ पासून काम करतो. इनहेलर नीट न घेता येणारे पेशंट ८० टक्क्यांपर्यंत असतात, असं त्यांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय.

एका बॅचला पंधराच्या वर माणसं नकोत. चौघांमागे एक सरावाचा पंप, एक स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी), एक रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं उपकरण), दहा रिकाम्या कॅप्सूल आणि एक पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारा). तोंडात धरायचा भाग मात्र ज्याचा त्याचा. पदराने पुसून पुढे सरकवणं चालणार नाही.

आजार समजावताना फुप्फुसाचं रंगीत चित्र फार उपयोगी पडत नाही. आपल्याकडे खानदेशात केळी-कपाशीच्या शेतात सगळीकडे असते ती ठिबकची १६ मिलिमीटरची नळी हातभर कापून आणावी. ही श्वासनळी समजा. बोटांनी चिमटली की नळी अरुंद होते. हे झालं स्नायू आवळणं. आत ओलं फडकं गुंडाळून सरकवलं की नळी बाहेरून तीच, पण आतली वाट बारीक. ही सूज. वर थोडा घट्ट साबण ओतला की झाला चिकट कफ. सल्ब्युटामॉलचा पंप फक्त चिमटा सोडवतो, तोही चार-सहा तास. फडकं काढायचं काम ब्युडेसोनाइडसारख्या रोजच्या पंपाचं, आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. शेतकऱ्याला हे चटकन कळतं. ठिबकमधले क्षार नळी पूर्ण बंद पडल्यावर काढायचे नसतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता पंप. यात घाई नको, कारण निम्मं प्रशिक्षण इथेच खर्ची पडलं पाहिजे.

झाकण काढून आत बघायचं. खिशातल्या पंपात सुपारीचं खांड किंवा नाणं जाऊन बसतं आणि श्वासाबरोबर सरळ आत ओढलं जातं. डबी वर, तोंडाचा भाग खाली, असा पंप ताठ धरून चार-पाच वेळा हलवायचा. आतलं औषध आणि गॅस वेगळे बसतात. न हलवता दाबलं तर एका पफमध्ये औषध कमी, दुसऱ्यात जास्त. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी हवेत फवारे मारायचे; किती, ते सोबतच्या पत्रकात दिलेलं असतं. मग श्वास सावकाश पूर्ण सोडायचा, पण पंपात नाही. ओठ घट्ट, जीभ खाली, हनुवटी किंचित वर. श्वास ओढायला लागायचं आणि त्याच क्षणी एकदा दाबायचं. ओढणं थांबवायचं नाही, मनात पाच मोजेपर्यंत सावकाश ओढत राहायचं. नंतर पंप काढून, ओठ मिटून दहा अंक श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा हलवून. तोंडातून किंवा नाकातून पांढरी वाफ बाहेर दिसली की तो पफ वाया गेला असं समजावं.

रोटाहेलरचं सगळं उलटं, आणि गोंधळ होतो तो इथेच. पंपाला श्वास सावकाश लागतो, पावडरला जोरात आणि खोल. कारण पंपात ढकलायला गॅस आहे. पावडर उडवायला पेशंटच्या श्वासाशिवाय दुसरं काहीच नाही. कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात दाबून बसवायचं, खालचा भाग अडेपर्यंत फिरवायचा, कॅप्सूल सुटल्याचं आतून दिसतं. उपकरणात फुंकलं की पावडर बाहेर उडते, वर ओल धरते ती वेगळी. ओढून झाल्यावर उघडून बघायचं. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. पावसाळ्यात कॅप्सूल डबीबाहेर राहिली की मऊ पडते आणि नीट सुटत नाही. आणि हो, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे पेशंट असतात. हसू नका, चिठ्ठीवर 'कॅप्सूल, दोन वेळा' एवढंच लिहिलेलं असलं तर तो बिचारा दुसरं काय करणार?

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांचा दाबण्या-ओढण्याचा मेळ बसत नाही त्यांना स्पेसर. एका वेळी एकच पफ, मग चार-पाच शांत श्वास. चारही पफ एकदम आत मारून ठेवले तर औषध भिंतींना चिकटतं आणि आत कमी जातं. स्पेसर नवा आल्यावर आणि नंतर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून बुडवायचा, तसाच निथळत वाळवायचा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर विजेचा भार येतो आणि औषध तिथेच बसतं. विकत घेणं जमत नसेल तर ५०० मिलीच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडून काम भागतं. दक्षिण आफ्रिकेत मुलांवर अभ्यास झाला तेव्हा अशी बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीची ठरली होती. भोक सैल झालं तर मात्र उपयोग नाही.

पंप संपला कधी, हे कळणं वेगळंच दुखणं आहे. औषध संपलं तरी नुसता गॅस फुसफुसत राहतो, आणि पाण्यात तरंगवून बघायची युक्ती बेभरवशाची. हिशोब करावा. २०० पफचा पंप, रोज चार पफ, म्हणजे ५० दिवस. संपण्याची तारीख पट्टीवर लिहून प्लॅस्टिकच्या भागावर चिकटवायची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा पंप गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर नको. डबीत दाबाखालचा गॅस असतो.

'पंपाची सवय लागते' आणि 'स्टिरॉइड आहे ना त्यात?' हे दोन प्रश्न प्रत्येक गावात येतात. आशाताईंकडे तयार आकडा हवा. ब्युडेसोनाइडचे १०० मायक्रोग्रॅमचे रोज चार पफ म्हणजे ४०० मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. मेडिकलवरून न विचारता आणलेली प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची १० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, तीही साऱ्या अंगात फिरणारी. दोन्ही औषधं वेगळी, त्यामुळे तराजू काटेकोर नाही, पण भीती कुठल्या औषधाची बाळगायची ते कळतं. पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. गरोदरपणात पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही, हे आशाताईंनी दोनदा सांगावं.

दमा कशाने उठतो, ती यादी पुस्तकातून उचलू नये. चुलीत पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) धूर, त्यावरच हिवाळ्यातल्या भरितासाठी भाजलेली वांगी, नंदुरबारकडे वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या, शेताच्या बांधावरचं गाजर गवत, कानबाईच्या सणाआधी घर झाडून रंग देणं. जिनिंगमधल्या मजुराला एक प्रश्न जास्तीचा विचारावा: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? तसं असेल तर कापसाच्या धुळीचा वेगळा आजार असू शकतो, डॉक्टरकडे पाठवावं. तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईचा दम हा दमाच असेल असंही नाही. आणि दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर पंपाआधी टीबीसाठी थुंकीची तपासणी.

पेशंटचा दमा आटोक्यात आहे का, हे गेल्या चार आठवड्यांबद्दलच्या चार प्रश्नांतून कळतं: आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त दिवसा त्रास, दम्याने रात्री जाग, सल्ब्युटामॉलचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त, कामाला अडथळा. एकही 'हो' नाही तर ठीक. तीन-चार 'हो' म्हणजे दमा हाताबाहेर. प्रश्न त्यांच्या बोलीत विचारा. अहिराणीत 'रातले दम लागस का?' म्हटलं की आजीबाई मोकळेपणी बोलतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर अहिराणीही पुरत नाही, तिथे तिथलीच आशाताई हवी.

अटॅक आल्यावर काय करायचं ते घरातल्या दोघांना तरी पाठ हवं. ताठ बसवा, आडवं करू नका. सल्ब्युटामॉलचा एक पफ स्पेसरमध्ये, चार श्वास. असे चार पफ. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर असतील किंवा माणूस पेंगत असेल, तर वाट न बघता आधीच फोन. छातीतली घरघर अचानक थांबली पण माणूस थकलेलाच आहे, तर तो आराम नाही. हवाच आत जात नाहीये. फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा एकच पंप रोजच्या आणि अटॅकच्या अशा दोन्ही कामांना दिलेला असेल, तर पफचा आकडा डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेगळा लिहून द्यावा. नुसत्या सल्ब्युटामॉलवर पेशंट ठेवू नका, असं 'जीना'ने २०१९ मध्येच सांगितलंय.

राहिली शिकवण्याची पद्धत. 'समजलं का?' हा प्रश्न प्रशिक्षणात बंदच करावा, कारण उत्तर नेहमी 'हो' असतं. 'आप्पा, आता तुम्ही घेऊन दाखवा' म्हणायचं आणि गप्प बसून बघायचं. चुका पाच दिसल्या तरी आधी एकच सुधारायची, जिच्यामुळे औषध आतच जात नाही ती. मग पुन्हा घ्यायला लावायचं. बिनचूक होईपर्यंत दोन-तीन फेऱ्या लागतात. एवढं करूनही काही आठवड्यांत हात पुन्हा जुन्या वळणावर जातो. म्हणून पुढची भेट पंधरा दिवसांनी ठेवावी, केसपेपरवर आजची चूक लिहावी, आणि त्या भेटीला पिशवीतून रिकाम्या डब्यांसकट सगळे पंप घेऊन यायला सांगावं.