ओल्या कागदाचा हिशेब

जलरंगांबद्दल एक समज फार पसरलेला आहे. कागद भिजवायचा, ओल्यातच रंग सोडायचे आणि बाजूला व्हायचं; धुकं, ढग, दरीतला पाऊस हे सगळं पाणीच काढून देतं. व्हिडिओत तर हे अर्ध्या मिनिटात उरकतं. या ‘वेट ऑन वेट’ (ओल्यावर ओलं) पद्धतीच्या मागे लागल्यापासून माझं मत बरोबर उलटं झालंय. चित्रकलेत याच्याइतकं सावकारी काम दुसरं नसावं.

हिशेब एका ओळीचा आहे. कागदावर जेवढं पाणी, त्यापेक्षा कुंचल्यात कमी हवं. अडचण एवढीच की कागदावरचं पाणी क्षणाक्षणाला कमी होत असतं. म्हणजे प्रत्येक फटकाऱ्याला कुंचला आधीपेक्षा कोरडा आणि रंग आधीपेक्षा दाट. हे कळायला एक मिनिट पुरतं. हातात यायला किती लागतं, ते विचारू नये.

आपल्यापैकी अनेकांचे रंगकामाचे संस्कार एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांनी केलेले. पेन्सिलीची रेघ ओलांडायची नाही, शेजारचा रंग वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, कसा सपाट हवा. त्या शिस्तीबद्दल तक्रार नाही, पण इथे ती अंगातून काढावी लागते. ओल्या कागदावर रेघ हे कुंपणच नसतं. निळा आपल्या मर्जीने हिरव्यात घुसतो, आणि शाळेत हात आवरायला शिकलेला माणूस टिश्यू पेपर घेऊन धावतो. तिथेच चित्र जातं.

कागदातलं पाणी बघायचं कसं, हा खरा धडा. वरून बघून काही कळत नाही. बोर्डाच्या पातळीला डोळा आणून, खिडकीच्या दिशेने तिरकं बघायचं. कागदावर खिडकीचे गज स्पष्ट दिसत असतील, तर थांबायचं. आता सोडलेला रंग नुसता तरंगत जाईल आणि वाळल्यावर पुसट होईल. गज विरून नुसता मंद उजेड उरला, की कामाला लागायचं; ढगांच्या मऊ कडा याच वेळात होतात. मग तो उजेडही जातो, पण तळहाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. ही वेळ सगळ्यात फसवी. दिसायला वाळलेला, आतून ओला. इथे पाणीदार कुंचला टेकला, की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दातेरी डाग फुलतो आणि काही केल्या जात नाही. नव्याने आलेलं पाणी सैल झालेले रंगकण ढकलत नेतं आणि काठावर टाकून देतं. कपाखालच्या चहाच्या डागाची कडा गडद का होते, याचं उत्तरही काठाशीच आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली ‘नेचर’मध्ये ते कॉफीच्या थेंबावरून मांडलं होतं: थेंबाची कड जागेवर चिकटून बसते, तिथलं पाणी भराभर उडतं, आणि ती तूट भरायला आतलं पाणी कण घेऊन काठाकडे वाहतं.

त्यात रंगांचेही स्वभाव. अल्ट्रामरीन हा निळा जड, कागदाच्या खळग्यांत बसून रवाळ दिसतो. थॅलो ब्लू चिमूटभर घेतला तरी सगळ्या आकाशावर हक्क सांगतो आणि कागदाला पकडतो तो सोडत नाही. पावसाळी करड्यासाठी अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घालावा; ओल्यात ते दोघं किंचित वेगळे होतात आणि ढगाला आतून ऊब येते. ट्यूबमधला तयार करडा यापुढे मेलेला वाटतो.

पण सगळ्यात मोठा खेळाडू म्हणजे हवा. इंग्लंडातल्या पुस्तकात ‘पाच मिनिटं थांबा’ असं लिहिलेलं असतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटांत कागद तर वाळतोच, कुंचलाही वाळायला लागतो. पंखा बंद, खिडकी बंद, कागद दोन्ही बाजूंनी भिजवलेला, आणि चित्रकार घामाघूम. जुलैत त्याच खोलीत तोच कागद तासभर ओला राहतो, आणि ‘थांबा’ म्हणजे जेवून या. कोकणातल्या चित्रकारांचं काय होत असेल, देव जाणे. दमट हवेत कागदाने रंग लगेच पिऊ नये म्हणून लावलेला सरसही खराब होतो. मग कागद टीपकागदासारखा रंग पितो आणि वर ठिपके पडतात. म्हणून तीनशे जीएसएमचे (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचे) महागडे सुती कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचे. घरातल्या दागिन्यांना एवढी काळजी मिळत नाही.

उत्स्फूर्ततेचे भक्त इंग्लिश चित्रकार टर्नरचं उदाहरण देतात. 1818 साली यॉर्कशायरमधल्या फार्नली हॉलमध्ये पाहुणा असताना त्याने न्याहारी आणि दुपारच्या जेवणाच्या मधल्या वेळात युद्धनौकेचं एक जलरंगचित्र केलं. घरच्या मुलाने शेजारी बसून पाहिलं: कागद चिंब होईपर्यंत रंग ओतले, मग खरवडलं, ओरबाडलं, घासलं, आणि त्या गोंधळातून हळूहळू जहाज वर आलं. गोष्ट खरीच आहे. पण लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत तो 1789 साली, चौदाव्या वर्षी, दाखल झाला होता. त्या सकाळीमागे एकोणतीस वर्षांचा हिशेब होता, तो कोणी सांगत नाही.

दुसरी परीक्षा पांढऱ्याची. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची ती दिवा घेतलेली बाई आठवा. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र अनेक जण रविवर्म्याचं समजतात. बोटांतून झिरपणारा तो उजेड जलरंगातला आहे! ओल्या कागदावर असा उजेड राखायचा, तर रंग येऊच नये म्हणून तेवढी जागा मुळात भिजवायचीच नाही. आणि ते आधी ठरवायचं, म्हणजे पुन्हा हिशेब.

तो चुकला की आमच्या जलरंगांच्या वर्गातल्या लोकांकडे एक पळवाट आहे: डागाचं झाड करणे. सरांना हे अजिबात चालत नाही. तरी भिंतीवर लावलेली आमची ताम्हिणी घाटाची चित्रं बघा, निम्म्यांत ढगांच्या मधोमध झाडं उगवलेली आहेत, आणि दोन ठिकाणी तर बगळेही.