‘फॉरमॅट मारून ठेवल्या आहेत’

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका सीए सरांचं ऑफिस बंद होत होतं आणि जुन्या हार्ड डिस्कची वासलात लावायला त्यांनी मला बोलावलं होतं. कूलरसमोर दोन खोकी. मोजल्या तर 31 भरल्या.

“सगळ्यांना फॉरमॅट मारून ठेवला आहे भाऊ. कबाडीवाल्यालाच देणार होतो, पण म्हटलं तुम्हाला एकदा विचारावं.”

विचारलं ते फार बरं केलं. मी वरचीच एक उचलून लॅपटॉपला लावली, रिकव्हरी चालवली. चहा संपेस्तोवर पडद्यावर लोकांची रिटर्न, पॅन क्रमांक, बँकेची स्टेटमेंटं अशा फायलींची नावं यायला लागली. सरांनी कप खाली ठेवला.

क्विक फॉरमॅट म्हणजे वहीची फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच असतात. विंडोज एक्सपीमधला पूर्ण फॉरमॅटसुद्धा बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, तपासण्यापलीकडे जात नसे; जुन्या माहितीवर शून्यं लिहिणं विंडोज व्हिस्टापासून आलं. ज्या डिस्क चालतात त्यांच्यावर एकदा टोकापासून टोकापर्यंत शून्यं फिरवायची आणि मग वाचून खात्री करायची. तबकडीच्या डिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कचं, तसं नाही. तिचा कंट्रोलर आतल्या आत माहितीची जागा बदलत असतो, म्हणून तिला सगळं पुसणारी तिची स्वतःची सिक्युअर इरेज कमांडच द्यावी लागते. बंद पडलेल्या डिस्क मी सरांसमोर उघडल्या. आरशासारख्या तबकड्या, त्यात त्यांचा चष्मा दिसत होता. प्रत्येक तबकडीला ड्रिलने तीन-तीन भोकं.

मग 20 जीबीची, जुन्या आयडीई जोडणीची एक डिस्क हाती आली. फायलींच्या यादीत ‘व्हॉल्व्ह’ नावाचं फोल्डर, त्यात ‘सेव्ह’. मी थांबलो. हाफ-लाइफ! व्हॉल्व्ह कंपनीचा 1998 सालचा गेम, मी सीताबर्डीच्या सायबर कॅफेत खेळलेला. सुरुवातीची ती ट्राम मला अजून आठवते: काही करायचं नाही, नुसतं ब्लॅक मेसा, गेममधलं ते संशोधन केंद्र, बघत जायचं. आणि नायक शिपाई नाही, भौतिकशास्त्राचा डॉक्टर. हातात पहिलं हत्यार म्हणजे सब्बल. शास्त्रज्ञ व्हावं असं मला शाळेने नाही, त्या गेमने वाटायला लावलं.

ग्राहकाच्या फायली उघडायच्या नाहीत हा माझा नियम. नुसतं विचारलं, “सर, इथे गेम कोण खेळायचं?”

“पोरगा. बारावीत होता. ऑडिटचं काम आटोपलं की रात्री याच मशीनवर बसायचा. मी रागावून काढायला लावला होता तो गेम.”

गेम काढला तरी सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याच्या फायली, बहुतेक वेळा मागे राहतात, हे सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

“बाबा, मी झेनपर्यंत, त्या शेवटच्या परग्रही जगापर्यंत पोचलो होतो! शेवटचाच राक्षस राहिला होता.”

सर माझ्याकडे बघत म्हणाले, “तेवढं वाचवता येईल का जी?”

ते एकच फोल्डर त्यांच्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो त्यांच्याच हातात दिला. माझ्या लॅपटॉपवर काही ठेवलं नाही. मग त्या डिस्कवर शून्यं सोडली. सर खुर्ची ओढून टक्के शंभर होईस्तोवर समोर बसून राहिले. पुसलेल्या डिस्कच्या यादीत तिच्या सिरियल नंबरपुढे त्यांनीच सही केली, आणि मी पुढची डिस्क लावली.