तुम्ही विचारलेत म्हणून: माळढोकाने जुळवून का घेतले नाही?

मी सोलापुरात जीवशास्त्र शिकवत होतो हे कळले की बोलणे माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या, जवळच्याच नान्नजच्या माळावर येते आणि ठरलेला प्रश्न निघतो: परिस्थितीशी जुळवून घेणे हा निसर्गाचा नियम असेल तर माळढोकाने ते का केले नाही, आणि तो संपला तरी त्याच्या जागी नवी जात येईलच ना? या प्रश्नाने मी चिडतो, कारण "गरज पडली की जीव बदलतो" हे वाक्य मीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याने मला आपली द्राक्षबाग पाहायला नेले. बाग जिथे उभी होती तिथे पूर्वी त्यांचाच कुसळीचा माळ होता, आणि शाळेच्या सहलीत याच मुलाने माझा हात धरून, गवतात निश्चल बसलेली माळढोकाची मादी मला तिथेच दाखवली होती. त्याने बोट केले नसते तर मला ती दिसलीही नसती. मी तो माळ शोधतो आहे हे ओळखून तो मायेने म्हणाला, "सर, काळजी करू नका. पाखरं शिकतील की बागेत राहायला. तुम्हीच सांगितलं होतंत." मला काहीच बोलता आले नाही. त्याने हातावर ठेवलेला घड घेऊन मी परतलो.

उत्तर त्याच्या मांडवावरच लटकत होते. त्याची द्राक्षे सोनाका होती, म्हणजे नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षातून निवडलेला वाण. त्याचे लांब मणी काही वेलीला हवे होते म्हणून आलेले नाहीत. फरक आपोआप उपजला, आणि तो हेरून त्याचीच कलमे वाढवली गेली. नैसर्गिक निवडीत हेरणारा कोणी नसतो, पण फरक मात्र आधीच असावा लागतो. गालापागोसच्या डॅफ्ने बेटावर 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, फिंच नावाचे बहुतेक छोटे पक्षी मेले आणि जाड चोचीचे अधिक जगले, कारण तशा चोचीचे पक्षी थव्यात आधीपासून होते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि विजेच्या तारा चुकवणे या जड पक्ष्याला साधत नाही. मूठभर उरलेल्यांतून निवड कशाची होणार? नवी जात म्हणाल, तर आफ्रिकेतला कोरी, अरबी, ऑस्ट्रेलियन आणि आपला माळढोक ही एकाच पूर्वजाची भावंडे वेगवेगळ्या भूभागांत असंख्य पिढ्या दुरावल्यावर वेगळी झाली. नांगर आणि कूपनलिका तेवढा अवधी देत नाहीत.

अभ्यासक्रम संपवायची घाई होती, असे मी स्वतःला सांगतो. पण ते वाक्य खोटे आहे हे मला तेव्हाही कळायला हवे होते. खरे उत्तर वर्गातच दिले असते तर त्याने माळ राखला असता का, हे मात्र मला आजही सांगता येत नाही: त्या वर्षी बोअरला पाणी लागले होते आणि घरात बहिणीचे लग्न होते.