जमिनीपासून सहा इंचांवर

सोलापूरहून मुलांकडे अमेरिकेत सहा महिने राहायला येणारे आई-वडील दिवसभर घरात एकटे असतात, आणि येणं-जाणं बहुधा गॅरेजमधूनच होतं. त्यामुळे त्या दरवाजाचा एक नियम आधी समजून घ्यावा. दोन्ही बाजूंना, जमिनीपासून जास्तीत जास्त सहा इंचांवर, समोरासमोर दोन सेन्सर असतात. एकातून निघालेला अदृश्य किरण दुसऱ्यावर पडत राहिला तरच दरवाजा खाली येतो. मध्ये काही आलं की थांबून परत वर जातो. दरवाजाखाली सापडून मुलं दगावत होती म्हणून १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना, म्हणजे दरवाजा उघडबंद करणाऱ्या मोटरींना, असं संरक्षण सक्तीचं झालं. उंची सहा इंच अशासाठी, की रांगतं किंवा आडवं पडलेलं मूलही किरणाच्या आड यावं. सरकारी नियमात इतका बारीक विचार असू शकतो, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

म्हणूनच काही जण दोन्ही सेन्सर उपटून वर मोटरपाशी एकमेकांसमोर बांधून टाकतात, त्याचा संताप येतो. कारण काय, तर दरवाजा सारखा अडतो! अहो, ही बहुतेक वेळा पाच मिनिटांची दुरुस्ती असते. दरवाजा उघडतो नीट, पण बंद होताना जरा खाली येऊन परत फिरतो, मोटरचा दिवा लुकलुकतो आणि भिंतीवरचं बटण दाबून धरलं तर मात्र पूर्ण बंद होतो, म्हणजे दोष सेन्सरकडे. लिफ्टमास्टर, चेंबरलेन या कंपन्यांच्या ओपनरमध्ये किरण पाठवणाऱ्या सेन्सरवर पिवळसर दिवा असतो, घेणाऱ्यावर हिरवा. हिरवा विझलेला किंवा थरथरत असेल तर भिंग मऊ कोरड्या फडक्याने पुसा, कोळ्याचं जाळं काढा. मग हाताने फिरणारा नट सैल करून हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत सेन्सर किंचित वळवा आणि तसाच धरून नट आवळा. दोन्ही दिवे विझलेले असतील तर वीजच पोचत नाही. तार उंदराने कुरतडलेली किंवा स्टेपलखाली चेपलेली सापडते. रोज संध्याकाळी ठरावीक वेळीच अडत असेल तर मावळतीचं ऊन थेट घेणाऱ्या सेन्सरमध्ये शिरतंय. दोघांच्या जागा बदला, घेणारा सावलीच्या बाजूला जाईल.

महिन्यातून एकदा दीड इंच जाडीची फळी दरवाजाखाली आडवी ठेवून बघा. दरवाजा फळीला टेकल्यापासून दोन सेकंदांत उलटा फिरलाच पाहिजे.

नवा रिमोट जोडायला मोटरच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगावर ‘लर्न’ बटण असतं. याच दोन कंपन्यांच्या ओपनरमध्ये त्याचा रंग पाहूनच रिमोट विकत घ्या. जांभळं असेल तर ३१५ मेगाहर्ट्झचा, लाल-नारिंगी किंवा हिरवं असेल तर ३९०चा, आणि पिवळ्याला जुने रिमोट चालत नाहीत. बटण दाबून लगेच सोडा, शेजारचा बारीक दिवा लागेल. तीस सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबून धरा. मोटरचा दिवा लुकलुकला किंवा दोनदा टिकटिक झाली की काम झालं. ‘लर्न’ सहा सेकंद दाबून धरू नका, सगळ्या रिमोटची आणि गाड्यांतल्या बटणांची नोंद पुसली जाते. रिमोट चोरीला गेला तर मात्र हेच करायचं.

भिंतीवरचं बटण चालतं आणि रिमोट चालत नाही, अशी तक्रार असेल तर आधी भिंतीवरचं, रिमोट बंद करणारं ‘लॉक’ बटण पाहा. पाहुण्यांच्या हातून ते हमखास दाबलं जातं. मग सेल बदला. तरीही अगदी जवळ गेल्याशिवाय चालत नसेल तर मोटरमधला एलईडी बल्ब काढून बघा, स्वस्त बल्ब रेडिओ लहरींत अडथळा आणतात.

इथली माणसं बटणांवर जगतात, असं गावाकडून ऐकू येतं. पण बर्फ पडत असताना गाडीतून उतरून दरवाजा उचलायचा म्हणजे चैन सोडली असं होत नाही. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानाच्या शटरला यातलं काही लागत नाही हे खरं. ओढणारा माणूस समोर उभा असतो आणि वीज गेली तरी दुकान बंद होतं. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि लोकांना दरवाजेच उघडता येईनात, म्हणून १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या ओपनरला बॅटरी सक्तीची करावी लागली.

दरवाजाचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगला मात्र घरच्यांनी हात लावू नये. दरवाजाच्या वरच्या दांड्यावरची स्प्रिंग तुटली की मोठा आवाज होतो, वेटोळ्यांत फट दिसते, मोटर गुरगुरते आणि दरवाजा थोडासा उचलून थांबतो. पुन्हा बटण दाबू नका. मोटरच्या रुळाला लोंबणारी लाल दोरी ओढली की दरवाजा मोटरपासून सुटतो, पण ती दरवाजा पूर्ण खाली असतानाच ओढा. उघडा असताना ओढली तर सगळं वजन खाली कोसळेल.

जुळे सोलापुरात बंगल्याच्या शटरला मोटर बसवणार असाल तर कंट्रोल बॉक्सला फोटोसेल (असाच किरणाचा सेन्सर) जोडता येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. येत असेल तर त्याची वायर प्लास्टरच्या आधीच भिंतीतून सहा इंच उंचीपर्यंत खाली आणून ठेवा.