अडीच वाजता रडणारी मनी

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी मी दवाखान्याचं शटर वर केलं तेव्हा काकू पायरीवर बसून होत्या. मांडीवर वेताची टोपली, आत त्यांची मांजर मनी, वर जुन्या साडीचं फडकं बांधलेलं. सांगलीच्या गावभागातून विश्रामबागेला त्या एवढ्या थंडीत, चहाही न घेता आल्या होत्या. चौथीत मला गणित शिकवलेल्या बाई या. आता सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, मीही म्हणते.

“अगं, तू म्हणालीस दुर्लक्ष करा. केलं मी. उशी कानावर घेऊन पडून राहिले. पण ही अडीच वाजता स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी राहते नि रडते. काही मागत नाही गं. नुसती रडते.”

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला होता: मनी रात्री उठवते, काय करू? मी दोन प्रश्न विचारले आणि सल्ला देऊन फोन ठेवला. मनी तेरा वर्षांची आहे, ही गोष्ट मला ठाऊक होती, आणि तरी मी तिला बोलावून घेतलं नाही. ही चूक माझी होती.

तो सल्ला मुळात चुकीचा नव्हता. आदल्याच संध्याकाळी एका तरुण जोडप्याला मी तोच दिला होता. त्यांचा वर्षाचा बोका रोज पहाटे पाचला नवऱ्याच्या छातीवर चढतो, गालावर पंजा मारतो, नाही उठला तर टेबलावरची किल्ली खाली पाडतो. त्यांना वाटत होतं, बोका हट्टी आहे. मी त्यांना सांगितलं, तो त्याच्या घड्याळाप्रमाणे वागतोय. मांजर संधिप्रकाशातलं शिकारी जनावर आहे. उंदीर, पाखरं पहाटे आणि तिन्हीसांजेला हलायला लागतात, म्हणून मांजरही त्याच वेळी तरतरीत होतं. अंधारात त्याचे डोळे चमकतात ते डोळ्यातल्या पडद्यामागच्या ज्या थरामुळे, तोच थर अपुऱ्या उजेडाचा कण न् कण त्याला वापरू देतो. शिवाय एक उंदीर म्हणजे मांजराचा एक छोटा घास. रानात राहिलं तर ते दिवस-रात्रीत असे कितीतरी घास खाईल. आपण त्याला रात्री आठला जेवायला घालतो आणि सकाळी आठची वाट बघायला लावतो. पहाटे पाचला त्याचं पोट रिकामं असतं आणि अंग शिकारीला तयार असतं.

त्यात नवरा काय करायचा, तर वैतागून उठायचा, मूठभर खाऊ टाकायचा आणि परत झोपायचा. बोक्याने हिशेब केला: पंजा मारला की वाटी भरते. मांजरं हा हिशेब फार पक्का करतात. मोठी मांजरं एकमेकांशी क्वचितच म्यांव करतात, म्यांव ही बरीचशी आपल्यासाठी राखलेली भाषा आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की खाणं मागताना काही मांजरांच्या घुरघुरीत एक उंच, रडका सूर मिसळलेला असतो. ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही, त्यांनाही तो सूर जास्त निकडीचा वाटला. त्या सुराने माणूस उठतो, हे मांजर शिकून घेतं.

म्हणून मी त्यांना सांगितलं, रात्री झोपण्याआधी दोरीला पीस बांधून त्याला दमेपर्यंत पळवा, शेवटी ते पीस त्याला पकडू द्या, मग जेवण घाला. सकाळी उठल्या उठल्या वाटीकडे जाऊ नका. आधी तुमचं तोंड धुणं, चहा, मग त्याचं खाणं. जमलं तर वेळेवर आपोआप उघडणारी वाटी घ्या, म्हणजे तो तुमच्याऐवजी वाटीपाशी बसेल. आणि एकदा दुर्लक्ष करायचं ठरवलं की पहिले काही दिवस ओरडणं वाढणार. चौथ्या दिवशी हार मानलीत तर तो एवढंच शिकेल की चार दिवस ओरडावं लागतं.

हे सगळं त्या बोक्याला लागू होतं. मनीला होत नव्हतं, आणि ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं होतं: काही मागत नाही.

मी टोपली टेबलावर घेतली. 2019 च्या पुरात मनी याच टोपलीतून होडीत बसून बाहेर आली होती, हे काकू दर वेळी सांगतात. त्या दिवशी नाही सांगितलं. मी विचारत गेले. पूर्वी उठवायची का? “हो, साडेपाचला. हळूच हातावर पंजा ठेवायची. ती कुठली तक्रार?” हे नवीन कधीपासून? दिवाळीनंतर. पाणी? “मोरीतल्या बादलीत सारखं तोंड.” जुन्या कार्डावर वजन चार किलो शंभर ग्रॅम होतं, काट्यावर आता तीन किलो चारशे भरलं.

ट्यूबलाइट थेट तिच्या तोंडावर होती. एवढ्या उजेडात मांजराची बाहुली उभ्या रेघेसारखी व्हायला हवी. मनीचे दोन्ही डोळे काळेभोर, वाटोळे. मी कापसाचा बोळा तिच्यासमोर वरून सोडला. आवाज न करता पडणाऱ्या बोळ्यामागे मांजराची नजर जातेच. मनी समोर बघत राहिली. काकूंनी ते पाहिलं आणि खुर्चीचा दांडा धरला.

मांजराचा रक्तदाब घाईने मोजता येत नाही, घाबरलं की तो चढतो. मी दार लावलं, मनीला काकूंच्या मांडीवर दिलं आणि दहा मिनिटं आम्ही तिघी गप्प बसलो. मग पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून मशीनने पुन्हा पुन्हा मोजलं. वरचा आकडा 210 च्या आसपास. मांजरात 160 च्या पुढे काळजी सुरू होते. डोळ्यात पाहिलं तर उजवीकडचा आतला पडदा सुटून राखाडी पदरासारखा लोंबत होता, डावा थोडा उचललेला. मूत्रपिंड थकलं की रक्तात साठणारं क्रिएटिनिन वाढलेलं, लघवी पाण्यासारखी पातळ. थायरॉइडचा नमुनाही पाठवला, कारण या वयात ती ग्रंथी वाढली तरी मांजरं रात्री अशीच ओरडतात. तो अहवाल ठीक आला. दुखणं मूत्रपिंडाचं होतं. त्यापायी दाब चढला आणि दाबाने डोळे गेले. रात्री दिवे मालवले की उरलंसुरलं दिसणंही जायचं, आणि तेरा वर्षं वावरलेल्या स्वयंपाकघरात ती हरवायची.

“म्हणजे ही मला हाका मारत होती,” काकू म्हणाल्या. “आणि मी कानावर उशी घेतली.”

“तुम्ही नाही काकू, मी घ्यायला लावली,” मी म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत. मनीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत राहिला.

रक्तदाबाची गोळी माणसांचीच, पण मांजराला तिचा अगदी लहान तुकडा, तोही तपासून ठरवलेला. मूत्रपिंडाला सोसेल असं खाणं. पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी. वाटी आणि शी-शूचा ट्रे जागचा हलवायचा नाही. आणि रात्री स्वयंपाकघरात बारका दिवा.

दहा दिवसांनी दाब 150 वर आला होता. उजव्या डोळ्यात काही उरलेलं नव्हतं. डाव्यासमोर मी बोळा सोडला, तर मनीने उशिराने का होईना, मान खाली वळवली. काकूंना विचारलं, झोप लागते का आता?

“ती झोपते,” त्या म्हणाल्या. “अडीचला आता मीच जागी होते. अंधारात हात लावून बघते, घुरघुरतेय ना.”