एलएक्यू आला की धावपळ

अधिवेशन संपलं की आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हमखास एक तक्ता टाकतं. कुठल्या आमदाराची हजेरी किती, प्रश्न किती, कोण किती वेळ बोललं. खाली अंगठे येतात, एखादा रागाने लाल झालेला चेहरा येतो, आणि मग कुणीतरी मला टॅग करतं, "मॅडम, तुम्ही तर आत होत्या न, हे विधान परिषदवाले करतात तरी काय?" यंदा म्हटलं, एकदाच नीट लिहून टाकावं. पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

आत म्हणजे मी फार आत नव्हते. राज्यशास्त्रात एम.ए. केलं, नेट झाले आणि कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत होते. सीएचबीचं मानधन किती आणि ते कधी येतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. परिषदेच्या एका सदस्यांना नागपूरच्या कार्यालयात प्रश्न लिहायला माणूस हवा होता. गेले, आणि त्यांची मुदत संपेपर्यंत राहिले. त्यांचं नाव, पक्ष, मतदारसंघ इथे लिहीत नाही. आपल्याकडे पुढारी म्हटला की तो 'भाऊ' असतो; तेही भाऊच.

प्रश्न लिहायचे म्हणजे काय, तर आलेल्या पत्राचं सरकारी मराठीत रूपांतर करायचं. "अमुक ठिकाणी तमुक घडले, हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" हे शेपूट मी झोपेतही लिहीन. उत्तरांचीही चाल ठरलेली. "हे खरे नाही." "हे अंशतः खरे आहे." "बाब शासनाच्या विचाराधीन आहे." आणि सगळ्यांचं आवडतं, "प्रश्न उद्भवत नाही." सुरुवातीला मला वाटायचं, हा निव्वळ कागदी खेळ आहे. दोन्ही बाजूंना काय म्हणायचं ते आधीच ठाऊक, मग एवढा आटापिटा काहून?

ते मत बदललं गडचिरोलीच्या एका पत्राने. मुलींच्या सरकारी वसतिगृहातली गोष्ट. एका मुलीच्या वडिलांनी वहीच्या दोन पानांवर लिहिलं होतं, की छतावर सोलरचं यंत्र आहे, पण पोरी थंड पाण्यानेच आंघोळ करतात, अन् इकडे गारठा किती ते तुम्हाला माहीत आहे. मी तारांकित प्रश्न केला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. तो स्वीकारला गेला, यादीत लागला. छापील उत्तर आलं ते असं: हे अंशतः खरे आहे, सदर वसतिगृहात सौर उष्णजल संयंत्र बसविण्यात आले आहे, प्रश्न उद्भवत नाही.

भाऊंनी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली. म्हणाले, "बसवलं हे सांगून राहिले. सुरू आहे का, ते कुठं लिहिलंय?" उपप्रश्न काय विचारायचा ते आम्ही ठरवलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात सकाळीच गोंधळ झाला, कामकाज तहकूब होत गेलं आणि प्रश्नोत्तराचा तास गेला. आमच्या प्रश्नाचा नंबर आलाच नाही. मी हिरमुसून आमदार निवासात कागद आवरत बसले होते, तेवढ्यात त्या वडिलांचा फोन. "मॅडम, परवापासून दोन प्लंबर अन् एक इंजिनिअर येऊन राहिले. काल संध्याकाळी पाणी गरम झालं. गृहपाल मॅडम सांगत होत्या, एलएक्यू आला म्हणून."

एलएक्यू, म्हणजे विधिमंडळात आलेला प्रश्न. हा शब्द तुम्ही कुठल्याही सरकारी कचेरीत उच्चारून बघा. विधिमंडळात प्रश्न लागला की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला उत्तराचा मसुदा करायचा असतो. तो खाली विभागाला विचारतो, विभाग जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. "आज संध्याकाळपर्यंत माहिती द्या, एलएक्यू आहे." ज्या टेबलावर तो अर्ज वर्षभर पडून होता, त्याच टेबलावरच्या माणसाला आता लेखी द्यावं लागतं की काम झालं की नाही. 'नाही' लिहिण्यापेक्षा काम उरकणं सोपं, असं निदान काहींना तरी वाटतं. उत्तर छापून येईपर्यंत निम्मा परिणाम होऊन गेलेला असतो. तक्त्यात मात्र त्या दिवशी भाऊंच्या नावापुढे काहीही नाही. सभागृहात ते एक शब्दही बोलले नव्हते.

आता दुसरी बाजू. पुढच्या वर्षी ते यंत्र पुन्हा बंद पडलं. एलएक्यूचा धाक अधिवेशनापुरता. मंत्री सभागृहात उभे राहून "करू" म्हणाले असते तर ते आश्वासन ठरलं असतं. सचिवालय कामकाजाच्या नोंदीतून अशी वाक्यं वेचून काढतं, ती विभागाकडे जातात, आणि आश्वासन समिती म्हणून एक समिती आहे ती त्यांच्या मागे लागते. विभागाला उत्तर देत बसावं लागतं, अधिवेशन संपलं तरी. आमचा प्रश्न पुकारलाच गेला नव्हता, त्यामुळे आश्वासनही नव्हतं.

म्हणून यंत्र पुन्हा बंद पडल्यावर भाऊंनी अर्धा तास चर्चा मागितली. ही चर्चा कशी असते ते एकदा गॅलरीतून बघायला हवं. दिवसभराचं कामकाज संपत आलेलं, पत्रकार सकाळच्या गोंधळाची बातमी लिहायला गेलेले, बाकं रिकामी. सभापतींच्या आसनावर तालिकेवरचे, म्हणजे सभापती नसताना काम चालवणारे, एक सदस्य, समोर मंत्री, त्यांच्या मागे अधिकाऱ्यांच्या दीर्घेत फायली मांडीवर घेतलेले तिघेचौघे, आणि भाऊ. भाऊंनी आवाज चढवला नाही. देखभालीचा करार कुणाशी आहे, किती वर्षांचा आहे, पाण्याच्या टाकीतून यंत्रापर्यंत पाणी चढवायला पंप आहे का, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नावर मागच्या बाकावरून मंत्र्यांकडे एक चिठ्ठी आली. ती वाचून मंत्री म्हणाले, "पंप तीन महिन्यांत बसवू." भाऊ लगेच खाली बसले. मी वर गॅलरीत वहीत तारीख आणि वाक्य लिहून घेतलं. पंप बसायला तीन महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागला, पण बसला.

लोक म्हणतात परिषद म्हणजे हरलेल्यांचं पुनर्वसन. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ७८ सदस्य; त्यातले ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, १२ राज्यपालनियुक्त. अधिकार पाहाल तर सरकार पाडता येत नाही, अविश्वास ठराव विधानसभेचा. धन विधेयक १४ दिवसांपलीकडे अडवता येत नाही. बाकीची विधेयकं पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवली तर आणखी एक महिना, बस. हातात उरतं ते विचारणं. त्यामुळे परिषदेचा सदस्य चांगला की वाईट हे तो काय विचारतो आणि किती दिवस विचारत राहतो, यावरून ठरवावं असं माझं मत आहे.

आणि या सभागृहाने दिलेलं एक मोठं देणं आपण पगारपत्रकात दर महिन्याला पाहतो. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत परिषदेचे सभापती होते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग झाला, ७२ च्या दुष्काळात योजनेची कसोटी लागली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा करायला १९७५ ला व्यवसाय कर आणला. तो तुमच्या स्लिपवरचा प्रोफेशन टॅक्स, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, तो मूळचा रोहयोचा. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्याला आधार होता तो याच योजनेचा. ज्या सभागृहाला 'मागच्या दाराचं' म्हणतात, त्याच्या सभापतींच्या खुर्चीतल्या माणसाचं हे काम.

तीच खुर्ची २०२२ च्या जुलैपासून रिकामी होती. उपसभापती नीलम गोऱ्हे काम चालवत होत्या. १९ डिसेंबर २०२४ ला इथे, नागपूरच्या अधिवेशनात, राम शिंदे बिनविरोध सभापती झाले. राज्यपालनियुक्त १२ जागाही २०२० पासून रिकाम्या होत्या, त्यातल्या सात २०२४ च्या ऑक्टोबरात भरल्या. या सभागृहाची आपल्याला एवढी किंमत वाटते असं सगळे पक्ष सांगतात, मग त्यांनी ही रिकामी बाकं इतकी वर्षं कशी चालवून घेतली, हे मला अजून कळलेलं नाही.

नागपूरच्या अधिवेशनाबद्दलही दोन शब्द. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिलंय की सरकारने दरवर्षी ठरावीक काळ इथे मुक्काम हलवायचा आणि किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं. २०२४ ला ते १६ ते २१ डिसेंबर, असं सहा दिवसांत उरकलं. मुंबईची मंडळी संत्रा बर्फीचे डबे बांधून परत गेलीसुद्धा. २०१८ ला पावसाळी अधिवेशन इथे आणलं तर ६ जुलैच्या पावसात विधानभवनाच्या वीजकक्षात पाणी शिरलं, काळोख झाला आणि कामकाज बंद. त्यावर आम्ही नागपूरकरांनी काय काय विनोद केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पण तेवढ्या दिवसांतही भाऊंना प्रश्नांचा कच्चा माल सगळ्यात जास्त इथेच मिळायचा. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात. दुपारचं जेवण झालं की भाऊ मला घेऊन तिकडे पायी निघायचे. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, संगणक परिचालक, सगळे रस्त्यावर बसलेले. एखाद्या मोर्चाचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटायला गेलेलं असायचं, बाकीचे शेंगदाणे खात वाट बघत असायचे. भाऊ त्यांच्यातच बसायचे आणि निवेदनाची प्रत मागायचे. झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकापाशी ते दर वेळी थांबत. २३ नोव्हेंबर १९९४ ला, अधिवेशन सुरू असताना, गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बायका आणि लेकरं जास्त. यावर भाऊ कधी भाषण करत नसत. "निवेदन घ्यायला माणूस गेला पाहिजे," एवढंच म्हणत.

सगळी पत्रं काही अशी नसायची. काही पत्रं लेझर प्रिंटवर, थेट तारांकित प्रश्नाच्या भाषेत लिहिलेली यायची, शेपटासकट. अमुक ठेकेदाराच्या कामाची चौकशी करा. दोन फोन केले की कळायचं, हे दुसऱ्या ठेकेदाराने लिहिलंय. प्रश्न लागला की पहिल्याला गाठायचं आणि पुढचं तुम्ही ओळखा. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात २००५ च्या डिसेंबरात संसदेतून ११ खासदार गेले होते. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. त्यामुळे भाऊंचा नियम असा, की पत्र लिहिणारा स्वतः भोगतोय का, आधी ते बघा. नसेल तर पत्र बाजूला. यात एखादं खरं प्रकरणही बाजूला गेलं असेल, त्याला इलाज नव्हता. प्रश्नांची संख्या अर्थातच त्याने कमी व्हायची, आणि तक्त्यात भाऊ नेहमी मधेच कुठेतरी असायचे. पत्राचा प्रश्न करताना दाखला मिळवायला मला कधी कधी दोन आठवडे लागत, तोवर शेजारच्या कार्यालयातून पन्नास प्रश्न गेलेले असत, वर्तमानपत्राची कात्रणं समोर ठेवून केलेले. कात्रणावरच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक "हे खरे नाही" असं येतं, कारण बातमीतली तारीख किंवा गावाचं नाव चुकलेलं असतं आणि कक्ष अधिकाऱ्याला तेवढं पुरतं.

तर कॉलनीतल्या मंडळींनो, तुमचं रस्त्याचं, शाळेचं, पेन्शनचं काही अडलं असेल आणि परिषदेच्या कुणा सदस्याला लिहायचं असेल, तर भावना एका ओळीत आटपा. कुठल्या कार्यालयात, कुठल्या तारखेला अर्ज दिला, त्याचा आवक क्रमांक काय, कुठला शासन निर्णय लागू होतो, आणि नेमकं काय झालेलं नाही, हे लिहा. पोच असेल तर तिची झेरॉक्स जोडा. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात देऊ नका, प्रश्न त्याच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात. नागपूरच्या अधिवेशनासाठी दिवाळीच्या आसपास पाठवलंत तर बरं. आणि फोन नंबर लिहायला विसरू नका. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी पत्रांवर तो नसायचा, मग मी गावातल्या किराणा दुकानाचा नंबर शोधत बसायची.